दोन बोटे पाणी

मी एक जुना, खिडकीत बसणारा एसी आहे. मित्रांनो, माझ्यासारखे आता फारसे दिसत नाहीत. आताचे एसी भिंतीवर उंच असतात, पांढरे आणि सडपातळ, आणि ते चालू आहेत हे हात पुढे केल्याशिवाय कळतही नाही. मी चौकोनी आणि जाडजूड. मी सुरू झालो की खिडकीची काच थरथरायची. आज मी कोथरूडमधल्या एका घराच्या गॅलरीत, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी ठेवलेला आहे. वारा माझ्या फटींतून आत येतो आणि काही न करता बाहेर जातो. मला आता काम नाही, म्हणून मला स्वप्ने पडतात. बहुतेक स्वप्ने एका रविवारी सकाळी सुरू होतात.

तो मे महिना होता. बुद्धपौर्णिमेची खीर होऊन दोन-अडीच आठवडे झाले होते. सुखदेवबाबा स्टुलावर चढले. आधी उजवा पाय, मग कठड्याला धरून डावा, कारण डाव्या गुडघ्यात दुखायचे. त्यांनी माझे तोंड उघडले आणि आतली जाळी, जिला सगळे फिल्टर म्हणतात, ती हळूच ओढून काढली.

त्यांची मुलगी सोनाली चपला घालत होती. ती सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती आणि त्या दिवसांत तिला रविवारीही ऑफिसला जावे लागे.

"बाबा, स्टुलावर चढू नका हो. सोमवारी माणूस बोलावते मी."

"कोणत्या सालचा सोमवार, बेटा?" बाबा म्हणाले.

ती हसली. "येते." एवढेच म्हणाली आणि गेली.

बाबांनी फिल्टर मोरीत नेऊन जुन्या टूथब्रशने धुतला आणि गॅलरीत सावलीत वाळत ठेवला. उन्हात ठेवला तर तो वाकडा होतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, पण माहीत होते. दुपारी त्यांनी तो परत बसवला, मला चालू केले, आणि तळहात माझ्यापुढे धरून उभे राहिले. मग नाक जवळ आणून त्यांनी एक लांब श्वास घेतला. चेहऱ्यावर काही दिसले नाही. त्यांनी मला बंद केले, खोलीबाहेर जाऊन दार ओढून घेतले आणि हॉलमधल्या दिवाणावर आडवे झाले. हॉलमध्ये पंखा होता. तो गरम हवा फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध आणायला गेले आणि येताना जिन्यातच बसले. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. बाबा घरी परत आले नाहीत.

मित्रांनो, आता मी मागे जातो, म्हणजे तो दिवाण हॉलमध्ये का होता ते तुम्हाला समजेल.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याच्या नळ्या वाकवून माझे आतडे केले, त्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या एकमेकींना चिकटू न देता बसवल्या. मग ट्रकमधून पुणे. तेव्हा देशात नवी दुकाने निघत होती आणि ज्या वस्तू पूर्वी साहेबांच्या केबिनमध्ये असत त्या आता साध्या माणसांच्या नावाने बिलावर येऊ लागल्या होत्या. कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानातून सोनालीने मला घेतले. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि ते तिचे नोकरीचे दुसरे वर्ष होते.

मला खिडकीत बसवले तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले. सोनालीची आई, कांताबाई, यांनी मला हळदकुंकू लावले नाही, पण माझ्या डोक्यावरची धूळ पदराने पुसली. बाबा माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि पंधरा मिनिटांनी म्हणाले, "माझ्या साहेबाच्या खोलीत होता असा. मी फक्त सही घ्यायला आत जायचो. सहीला वेळ लागावा असं वाटायचं."

"आता दिवसभर बसा की," कांताबाई म्हणाल्या. "सही कोणाची नको."

बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे. नोकरीसाठी पुण्यात आले आणि टेलिफोन खात्यात तीस वर्षे त्यांनी रस्त्याखालच्या केबली जोडल्या. रस्त्यात चौकोनी खड्डा असतो, त्याचे झाकण उचलायचे आणि आत उतरायचे. उतरण्याआधी काठावर गुडघे टेकून आतला वास घ्यायचा, हा त्यांचा नेम होता. पाणी ताजे की साचलेले, आत हवा आहे की नाही, हे त्यांना वासावरून कळे. गुडघे त्याच कामात गेले होते.

उन्हाळ्यात ती तिघे माझ्या खोलीत झोपत. आईबाबा पलंगावर, सोनाली खाली गादीवर. पडदे ओढलेले, दुपार निळसर झालेली, आणि मी घुमत असायचो. तुम्हाला एक गंमत सांगतो. एसी हवा आणत नाही. खोलीतलीच हवा तो आत ओढतो, थंड पात्यांवरून फिरवतो आणि परत देतो. त्या हवेतला ओलावा पात्यांवर दव होऊन जमतो आणि खालच्या ताटात थेंब थेंब पडतो. तो ओलावा कुठून आलेला असतो? बराचसा तुमच्या श्वासातून. म्हणून मी त्या तिघांना श्वासांवरून ओळखत होतो. बाबांच्या श्वासाला ओव्याचा वास होता, आणि गुडघ्याला लावायच्या तेलाचाही थोडा. मी तो सगळा रात्रभर आत घेत होतो, आणि मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

मला बंद करण्याआधी बाबा माझा खटका फिरवून दहा मिनिटे नुसता पंखा चालू ठेवत. सोनाली म्हणे, "बाबा वीज वाचवतात." 

एकदा दुपारी वीज गेली. त्या वर्षांत ती रोजच जायची. तिघे घामेजून बसले होते, तेव्हा बाबांनी गावच्या शाळेची गोष्ट सांगितली. त्यांची जागा वर्गात नव्हती, दाराच्या चौकटीबाहेर होती. पाटी दाखवायला पुढे गेले की पहिल्या रांगेतली मुले सदऱ्याचे टोक नाकाला लावत.

"मी नाल्यावर दोनदा आंघोळ करून जायचो," बाबा म्हणाले. "साबण नव्हता, तर वाळूने अंग घासायचो. खूप वर्षांनी लक्षात आलं, वास माझा नव्हताच. तो त्यांच्या डोक्यात होता."

ते हसत होते. सोनाली हसली नाही. तिने त्यांच्या पायावर हात ठेवला. मग वीज आली आणि मी घुमू लागलो.

ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो.

काही वर्षांनी खालच्या मजल्यावर तात्याराव राहायला आले. निवृत्त गृहस्थ, एकटे. माझ्या पाठीमागून पडणारे पाणी त्यांच्या खिडकीच्या पत्र्यावर टपटपत असे. एके दिवशी जिन्यातल्या टपालपेट्यांवर एक कागद चिकटला. सोनालीने तो काढून वर आणला आणि मोठ्याने वाचला.

"वरून गळणारे पाणी हे तीर्थ नव्हे. ज्यांना ते पवित्र वाटत असेल त्यांनी ते आपल्या घरातच प्राशन करावे. पहिला मजला."

कांताबाईंना हसू आले. बाबा म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." सोनालीचा चेहरा मात्र लाल झाला होता. त्या इमारतीत त्यांच्या आडनावाचे दुसरे कोणी नव्हते. आपल्या घराबद्दल कोणी काही बोलावे, तेही पाण्यावरून, हे तिला सोसेना. तिने त्याच संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून एक माणूस आणला. माझ्या मागच्या भोकाला तिने प्लॅस्टिकची नळी बसवून घेतली आणि ती नळी खिडकीच्या गजांवरून जराशी वर चढवून मग गॅलरीतल्या बादलीत सोडली. सरळ खाली सोडली असती तर समोरून दिसली असती. "बाहेरून काही दिसता कामा नये," असे ती दोनदा म्हणाली.

बाबा बघत होते. "बेटा, पाणी वर चढत नाही."

"चढतंय की. पडलं बघा बादलीत."

बादलीत पडत होते ते खरे, पण माझे ताट भरून वाहू लागल्यावरच. उरलेले दोन बोटे पाणी माझ्या पोटात तसेच राहिले. कालच्यावर आजचे, आजच्यावर उद्याचे. त्यावर हिरवा थर आला, मग काळा. मला ते कळत होते. पण मी यंत्र आहे. जे माझ्यात साचते तेच मी परत देतो.

वास हळूहळू आला. सुरुवातीला ओल्या फडक्यासारखा, मग डबक्यासारखा. सोनालीने माझ्या जाळीत डांबराच्या गोळ्या ठेवल्या, कापूर ठेवला, गुलाबाचा फवारा मारला. कांताबाई खोलीत येऊन म्हणाल्या, "आता गुलाबाच्या बागेत डबकं आहे असं वाटतंय."

"डबकंच आहे," बाबा म्हणाले. "हा साचलेल्या पाण्याचा वास आहे. ती नळी उतरवून बघू."

"बाबा, हे तुमचे टेलिफोनचे खड्डे नाहीत," सोनाली म्हणाली.

एका शनिवारी तिच्या ऑफिसमधली भाग्यश्री घरी आली. माझ्या खोलीत दोघी कामाचे बोलत बसल्या. थोड्या वेळाने भाग्यश्रीने नाकाशी रुमाल नेला. तिच्या मनात काही नव्हते. "कसला गं वास येतोय?" तिने विचारले, आणि पुन्हा कामाचे बोलू लागली.

संध्याकाळी बाबा पलंगावर बसून गुडघ्याला तेल लावत होते. सोनाली दारात उभी राहिली.

"बाबा, ते तेल नका ना लावू इथे. तुमचा वास बसलाय एसीत. सगळ्या खोलीत येतो. थोडे दिवस बाहेर झोपाल का?"

तेलाचा म्हणायचे होते, तुमचा म्हणाली. बाबांचा हात गुडघ्यावर थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिले, आणि तिच्या तोंडावरून मला समजले की तिला त्याच क्षणी ती शाळेची चौकट आठवली. तिने ओठ उघडले. तेवढ्यात हॉलमध्ये फोन वाजला आणि ती गेली.

बाबांनी बाटलीचे बूच लावले. रात्री त्यांनी आपली उशी उचलली आणि दिवाणावर नेली. त्या दिवसापासून ते दोनदा आंघोळ करू लागले, सकाळी आणि संध्याकाळी. तेल त्यांनी पुन्हा लावले नाही. सोनाली रोज ऑफिसातून येई, दिवाणापाशी जरा थांबे, "जेवलात का?" असे विचारे आणि माझ्या खोलीत येई. वास तसाच होता. कोणी काही बोलले नाही. बाबा दर रविवारी फिल्टर धूत राहिले.

मित्रांनो, वास माझा होता आणि नाव त्यांचे झाले. मला तोंड आहे, पण त्यातून फक्त हवा येते.

बाबा गेल्यावर मला अकरा महिने कोणी चालू केले नाही. माझ्या पोटातले पाणी वरवर सुकले, खाली चिखल राहिला, पावसाळ्यात पुन्हा पाणी आले. त्या काळात मला वाटायचे की मी एक तळे आहे, आणि तळाशी त्यांचे श्वास झोपले आहेत. मी हललो नाही, म्हणजे ते जागे होणार नाहीत.

पुढच्या एप्रिलमध्ये एका दुपारी कांताबाईंना उकाडा सोसेना. त्यांनी माझा खटका फिरवला. मी खोकलो, थरथरलो आणि चालू झालो. वास खोलीभर पसरला. तोच वास, पूर्वीपेक्षा उग्र.

सोनाली आतल्या टेबलावर काम करत होती. ती उठून उभी राहिली. खोलीत बाबा नव्हते. त्यांची उशी नव्हती, कपडे देऊन टाकले होते. तिने कपाट उघडून तेलाची बाटली काढली. ती जवळजवळ भरलेली होती. ती हातात धरून सोनाली माझ्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली.

"बंद करू का गं?" कांताबाईंनी विचारले.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. मला कळू दे."

दुसऱ्या दिवशी नागोराव आले. केस पिकलेले, तीस वर्षे हेच काम केलेले मेकॅनिक. त्यांनी मला खिडकीतून ओढून टेबलावर ठेवले आणि पत्रा काढला. आत काळे पाणी होते. मग फिल्टर उचलून उजेडात धरला.

"हा कोण धुतं?"

"बाबा धुवायचे."

"बसवल्यापासून धुतलाय व्यवस्थित. जाळीचा एक धागा तुटलेला नाही." मग नळीकडे बोट केले. "आणि ही करामत कोणाची?"

"माझी."

"पाणी वर चढतं होय, मॅडम?"

सोनालीने नळी गजांवरून सोडवली.

नागोरावांनी ताट खरवडले, पात्या साबणाच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुतल्या, आणि खिडकीत परत बसवताना मला मागच्या बाजूला जरासा उतार दिला. "वास एसीला नसतो," ते काम करता करता सांगत होते. "ओल राहते, तिला असतो. बंद करायच्या आधी दहा मिनिटं नुसता पंखा चालवायचा. आतलं वाळतं. एवढं केलं तरी पुष्कळ."

"बाबा करायचे," कांताबाई म्हणाल्या. "आम्ही म्हणायचो, वीज वाचवतात."

नळी सरळ खाली सोडायची म्हणजे तात्यारावांच्या भिंतीवरून न्यावी लागणार होती. ठोकाठोकीचा आवाज ऐकून तात्याराव स्वतःच वर आले.

"आमच्या भिंतीला भोक पडतंय की तुमच्याच, ते बघायला आलो."

सोनालीने नळीचे सांगितले. आपली परवानगी हवी होती, असे म्हणाली.

"ती दिलीय मी," तात्याराव म्हणाले. "गेल्या वर्षी. तुमचे वडील आले होते खाली. नळी तुमच्या भिंतीवरून मोरीत सोडतो म्हणाले, जागासुद्धा खडूने आखून गेले. मी म्हटलं, सोडा. तो कागद मी जरा जास्तच रंगवला होता, हेही त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मुलीला विचारून कळवतो. तिने बसवलीय, तिला वाईट वाटायला नको."

गॅलरीतून वाकून पाहिले तर खालच्या भिंतीवर, वळचणीला, खडूची एक पुसट रेघ खरेच होती. पाऊस तिथे पोचला नव्हता. नागोरावांनी नळी त्या रेघेवरून खाली सोडली.

मित्रांनो, माझी गोष्ट संपत आली. तुमच्या घरातल्या एसीला वास येऊ लागला तर त्याच्यावर अत्तर शिंपडू नका. त्याचा फिल्टर धुवा, सावलीत वाळवा. त्याच्या पाण्याला वाट आहे का ते वाकून बघा. बंद करण्याआधी त्याला जरा कोरडे होऊ द्या. आणि कृपा करून आधी घरातल्या माणसांकडे बघू नका. यंत्रात साचलेले एका दुपारी धुता येते. माणसाच्या मनात साचलेले धुवायला ते माणूस समोर असावे लागते, आणि ते दर सोमवारी असतेच असे नाही.

त्या संध्याकाळी नागोराव गेले, तात्याराव गेले. कांताबाई स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. सोनालीने मला चालू केले. माझ्या तोंडातून हवा आली, कशाचाच वास नसलेली. माझ्या पोटात काही उरले नव्हते. त्यांचे श्वासही त्या काळ्या पाण्याबरोबर गेले होते, आणि मी पिसासारखा हलका झालो होतो, आणि मला ते हलकेपण आवडले नाही.

ती पलंगाच्या कडेला बसली. एसी चालू असताना दार लावायचे, हे तिनेच घरात सगळ्यांना शिकवले होते. तिने उठून दार सताड उघडले. समोर हॉलमध्ये तो दिवाण होता. त्यावरच्या चादरीची घडी अजून बाबांनी घालायची तशी, चौकोनी होती. थंड हवा चौकट ओलांडून तिकडे जाऊ लागली. सोनाली चौकटीत उभी राहिली आणि एरवी बोलावे तशा साध्या आवाजात म्हणाली,

"बाबा, वास तुमचा नव्हता. कधीच नव्हता. आत या, आत येऊन झोपा."